हात लागलेलं रान

माघ सरत आला की शिरोडा, आरवली, आसोली या पट्ट्यात सुरंगी फुलते. झाड नजरेला पडायच्या आधी वास येतो आणि वासामागोमाग मधमाश्यांचा घोष. सुरंगीची फुलं शेंड्याला येत नाहीत. जुन्या, निबर फांद्यांच्या अंगाला कळ्यांचे घोस चिकटून बसतात, म्हणून झाड जितकं जुनं तितकं फूल जास्त. घरची माणसं झाडाखालची जागा लख्ख झाडून घेतात, जुनी लुगडी-चादरी अंथरतात, वर चढलेला गडी काठीने फांद्या झोडतो आणि खाली कळ्यांचा सडा पडतो. थोड्या कळ्यांचे वळेसार होऊन वेंगुर्ला-सावंतवाडीच्या बाजारात जातात. बाकीच्या उन्हात वाळवून व्यापाऱ्याच्या पोत्यात भरल्या जातात, तिथून पुढे अत्तरासाठी आणि रंगासाठी दूर कुठेतरी.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ही ‘मॅमिया सुरिगा’, पश्चिम घाटाच्या पट्ट्यातली खास आपली. मूळची रानातली. पण शिरोड्याच्या आसपास ती जिथे उभी आहे त्या जागेला रान म्हणायला जीभ वळत नाही. कुणाच्या काजूच्या बागेत, कुणाच्या गडग्याला लागून, कुणाच्या व्हाळाच्या काठावर. तिला कुणी लावलेलं नाही. एवढंच, की कधीतरी कुणा पूर्वजाने उतार साफ करताना ऐनावर, किंजळीवर कोयता चालवला आणि हिला सोडून दिलं. पुढच्या पिढ्यांनीही सोडलं. आज त्या झाडाच्या कळ्यांत भावाभावांचे वाटे आहेत.

मग हे झाड रानटी की लागवडीचं? सरकारी रकान्यात या प्रश्नाला उत्तर नाही, आणि शिरोड्याभोवतालच्या हिरवाईची सगळी गुंतागुंत या एका झाडाशी येऊन थांबते. बाहेरून येणाऱ्याला शिरोडा दोन गोष्टींसाठी माहीत असतं: मे १९३० मधला मिठाचा सत्याग्रह, आणि १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर. डोंगराकडे तोंड करून कुणी उभं राहत नाही. राहिलं तरी ‘किती हिरवंगार!’ म्हणून वेळागरच्या किनाऱ्याकडे वळतं.

त्या हिरव्याची जरा झडती घेऊ.

समुद्रापासून सुरुवात केली तर पहिलं हिरवं सुरूच्या बनाचं. पर्यटक त्याचेच फोटो काढतात. सुरू ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली आणि तिथून तो कोकणपट्टीच्या वाळूत पसरवला गेला. वारा अडवतो, वाळू धरतो, मुळांवरच्या गाठींमुळे निकस वाळूतही जगतो. पण त्याच्या सुयांचा थर साचला की खाली दुसरं काही फारसं उगवत नाही, आणि याच वाळूत अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासविणीला मोकळी, सैल वाळू लागते. त्यामागे मिठागरं: खाडीच्या पाण्याला बांध घालून केलेली खाचरं. कडेने तिवरांची, चिपीची झुडपं. त्यामागे माड-पोफळीच्या बागा, मग भाताचे मळे, मग भरड जमीन, आणि तिथून चढत जाणारा काजू. वर जांभ्या दगडाचा सडा. दक्षिणेला रेडीच्या लोहखनिजाच्या खाणी, त्यांतल्या सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साठून झालेली तळी. खाणीच्या मातीवर, रस्त्याच्या कडेला, सामाजिक वनीकरणाच्या तुकड्यांत ऑस्ट्रेलियन बाभूळ. या सगळ्याच्या फटीफटींतून जे उरलं ते रान, आणि त्यालाही हात लागलेला आहेच.

उपग्रहाला यातला फरक कळत नाही. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढतं. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा आणि त्यावर झाडांच्या माथ्यांची दाटी १० टक्क्यांच्या वर, म्हणजे ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपसूक उगवलेलं, याची विचारपूस नाही. त्यामुळे काजू, आंबा, रबर, सुरू सारे एका मापात पडतात आणि सिंधुदुर्ग जिल्हा जवळपास निम्मा जंगलाखाली असल्याचं चित्र उभं राहतं. अहवाल खोटा नाही. आपली व्याख्या तो स्वतःच सांगतो. पण वर्तमानपत्रात मथळा येतो तो ‘कोकणात जंगल वाढलं’ असा, आणि तो वाचून दोडामार्गात जंगल कापून रबर लावणाऱ्यालाही आपण वनसंवर्धन करतोय असं वाटायला हरकत उरत नाही.

*

इथलं मूळ रान कसं होतं याचा अंदाज उरलेल्या तुकड्यांवरून करावा लागतो. किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत निमसदाहरित आणि ओलसर पानझडी जंगलांची सरमिसळ: ऐन, किंजळ, जांभा, सातवीण, बेहडा, काजरा, रातांबा, भेरली माड, ओढ्याकाठी उंडी आणि सुरंगी. जहाजांसाठी मोठं लाकूड गेलं. डोंगरउतारावर नाचणी-वरीची फिरती शेती होती. चार-दोन वर्षं पेरायचं, मग सोडून द्यायचं. शिवाय दरवर्षीचा राब. उन्हाळ्यात झाडांची टाळं तोडून, पातेरा गोळा करून तरव्याच्या जागेवर जाळायचा, मग त्या भाजावळीत भाताचं बी पेरायचं. ऐन-किंजळीची कोकणातली बुचकी, खांदे छाटलेली आकृती या कवळतोडीतून आलेली आहे. म्हणजे इथल्या माणसाने झाड मारलं नाही, पण झाडाला झाडासारखं वाढूही दिलं नाही.

आणि हे बहुतांश खाजगी मालकीत घडलं. विदर्भातल्यासारखी सरकारी राखीव जंगलांची सलग चादर कोकणात नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातलं रान मोठ्या प्रमाणात लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. ‘वरकस’, ‘पोटखराबा’ अशा नावांखाली. एकत्र कुटुंबाच्या सामाईक जमिनी, पन्नास-साठ नावांचा सातबारा, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. अशा जमिनीवर घरची गरज निघाली, लग्न आलं, घर शाकारायचं झालं, की उभं रान ठेकेदाराला विकलं जातं. ठेकेदार झाडं मोजत नाही, तुकडा मोजतो. दहा-पंधरा वर्षांनी एकदा सगळं सपाट. लाकूड वीटभट्ट्यांना, बेकऱ्यांना, कारखान्यांच्या बॉयलरला. पुढच्या पावसात बुंध्यांना फुटवे येतात आणि पाच-सात वर्षांत लांबून पाहणाऱ्याला पुन्हा रान दिसायला लागतं.

परत येणारं हे रान म्हणजे नेमकं काय परत येतं? ऐन, किंजळ, जांभा ही फुटव्यांनी परतणारी चिवट झाडं. दर तोडीत तीच टिकतात, तीच वाढतात. जी झाडं बियांवर अवलंबून आहेत, ज्यांचं बी सावलीत रुजतं, जी फळ धरायला वीस-तीस वर्षं घेतात, ती दर तोडीला एकेक पायरी मागे जातात आणि शेवटी गळतात. मोकळ्या झालेल्या जागी रानमोडी आणि घाणेरी शिरते. दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही: ढोली. पंधरा वर्षांच्या किंजळीला ढोल नसते. धनेशाची मादी घरट्याच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते, फक्त चोच मावेल एवढी फट ठेवते आणि काही महिने नराने आणलेल्या फळांवर जगते. तिला शंभरी गाठलेलं झाड लागतं. आणि तिचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका लाकूडतोडीचा हंगाम. धनेश गेला की मोठ्या बियांची फळं दूर नेऊन टाकणारा गेला. काजऱ्याचं माणसाला विषारी फळसुद्धा खाऊन पचवणारा हा पक्षी.

जगभरच्या उष्णकटिबंधात या ‘पुन्हा उगवलेल्या’ जंगलांचा अभ्यास गेली काही दशकं जोरात चालू आहे, कारण तीच आता बहुसंख्य आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या मोजणीत जगातल्या सुमारे ४०६ कोटी हेक्टर जंगलापैकी मानवी खुणा न दिसणारं प्राथमिक जंगल १११ कोटी हेक्टरच्या आसपास भरलं. लॉरेन्स पोर्टर आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘सायन्स’मध्ये अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणांचा हिशेब मांडला. शेती सोडून दिलेल्या जमिनीवरचं जंगल २० वर्षांत जुन्या जंगलाच्या गुणांपैकी सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पोचतं. माती दहा वर्षांच्या आत सावरते, जंगलाचा बांधा पंचवीस ते साठ वर्षांत. पण कुठल्या जातीची किती झाडं, हे मूळपदाला यायला १२० वर्षांहून जास्त.

हे आकडे दोन्ही बाजूंना सोयीचे आहेत, म्हणून जपून वापरायचे. ‘बघा, सोडून दिलं की येतंच परत’ म्हणणाऱ्याने १२० वाचावं. ‘आता उरलंय काय राखण्यासारखं?’ म्हणणाऱ्याने ७८ वाचावं. आणि कोकणातल्या माणसाने आणखी एक वाचावं: हा सगळा हिशेब एकदा सोडून दिलेल्या जमिनीचा आहे. दर पंधरा वर्षांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणणाऱ्या रानाला विसाव्या वर्षाचं सुखही मिळत नाही.

*

हात लागूनही रान कसं टिकतं याचा जुना नमुना राईत आहे. देवाची राय, देवराई, उत्तरेकडे देवरहाटी. गावागावाचा उच्चार वेगळा. सातेरी, रवळनाथ, माउली, वेतोबा यांच्या देवळाभोवती किंवा गावाच्या वेशीपाशी राखलेला तुकडा. काही एकरांचाच, पण आत शिरलं की उजेड बदलतो. मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली, कुजून पडलेले ओंडके, पायथ्याला बहुधा एखादा झरा नाहीतर तळी. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि पुण्याच्या आघारकर संस्थेतले वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या या राया पायी फिरून पाहिल्या आणि शास्त्रीय जगापुढे मांडल्या. तेव्हापासून देवराई म्हटलं की ‘श्रद्धेने राखलेलं अस्पर्श जंगल’ हे वाक्य ठरून गेलं आहे. त्यातला ‘अस्पर्श’ मला पटत नाही. राईत हात जातो. तो कधी जावा, किती जावा आणि कुणाला विचारून, याचा बंदोबस्त असतो. देवळाच्या वाशासाठी झाड लागलं तर देवाला कौल लावतात. पाकळ्या उजव्या पडल्या तर झाड पडतं, डाव्या पडल्या तर ठेकेदार कितीही मोठा असो, कुऱ्हाड परत जाते. बारा-पाचाच्या मानकऱ्यांसमोर, गाऱ्हाण्याच्या ‘व्हय म्हाराजा’त सगळ्या गावाची संमती गोळा होते. याला व्यवस्थापन म्हणायचं नसेल तर वनखात्याच्या कार्ययोजनेला तरी का म्हणावं?

या बंदोबस्तालाही आता भेगा आहेत. जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं, संगमरवरी फरशीचं देऊळ उठतं. सभामंडपाला जागा हवी, गाड्यांना जागा हवी, आणि निधी हवा. तो कधी राईतल्याच झाडांतून उभा राहतो. बऱ्याच देवस्थानांची व्यवस्था कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग मिळून तीन हजारांच्या घरात देवळं. कुठे राईची जमीन महसूलाकडे, कुठे वनखात्याकडे, कुठे देवाच्या नावे. झाड पडलं तर जाब कुणाला विचारायचा, हे गावाला कळेपर्यंत ट्रक तपासणी नाका ओलांडून गेलेला असतो.

शिवाय राय लहान असते हा तिचा जन्मजात दुबळेपणा. ब्राझीलमध्ये मनौसजवळ टॉमस लव्हजॉय यांनी १९७९ पासून जंगलाचे मुद्दाम तुकडे करून पाहिले. कडेपासून तीनशे मीटरपर्यंतची मोठी झाडं आतल्या झाडांपेक्षा जास्त वेगाने मरतात, असं तिथे आढळलं. कोरडा वारा, ऊन आणि वेली त्यांचा जीव घेतात. आपल्या बहुतेक राया तीनशे मीटर रुंदही नाहीत. म्हणजे त्यांच्यात आत असं काही नाहीच, सगळी कडच. भोवती फुटव्यांचं का होईना रान असेल तर ती कड झाकलेली राहते. भोवताली काजूची साफ बेणलेली बाग आली की उघडी पडते.

तरीही या तुकड्यांत काय दडलेलं असू शकतं! दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या भालांडेश्वराच्या राईत रानजायफळाची दलदल निघाली. जायफळाच्या कुळातली, चिखलातून श्वास घेण्यासाठी गुडघ्यासारखी मुळं वर काढणारी ही झाडं. अशा दलदली केरळ-कर्नाटकात ठाऊक होत्या, गोव्यात सत्तरीत १९९० च्या दशकात नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रातली ही बांबर्ड्याची, पसारा २.५९ हेक्टर. राज्य सरकारने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी मत्स्यजात सापडली, तिच्यासाठी २.११ हेक्टरचं वारसा स्थळ झालं. दोन्ही ठिकाणी देव आधी आणि शास्त्रज्ञ मागाहून आले. आणि दोन्ही जागा माणसाच्या वावरातल्या.

*

आता काजू. शिरोड्यात काजूविषयी वाईट बोलणं म्हणजे पानात वाढलेल्याला नावं ठेवणं, तेव्हा सांभाळून बोलतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेलं हे झाड कोकणात इतकं मुरलं की रायवळ काजू कुणाला परका वाटत नाही. बियांपासून उगवलेला, उंच-सखल, वेडावाकडा. त्याच्याखाली करवंद, वर रातांबा, मध्येच फणस, कडेला सुरंगी. फेब्रुवारीत ओले काजूगर, मग बोंडूंचा वास, मग सुक्या बियांची विक्री. मशागत जवळजवळ नाहीच. १९५७ साली वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे. वेंगुर्ला-१ ते वेंगुर्ला-९ या जाती तिथल्या. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांनी कोकणातल्या हजारो घरांत पैसा आणला हे निर्विवाद. मग १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, शंभर टक्क्यांपर्यंत अनुदान. खड्डे मोजून पैसे. ज्या वरकस उताराकडे ठेकेदाराशिवाय कुणी पाहत नव्हतं, त्यावर एका रांगेत, ठरल्या अंतरावर कलमं उभी राहिली.

अनुष्का रेगे आणि जॅनिस ली यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सह्याद्रीच्या या उत्तरेकडच्या भागात कलमी काजूची एकसुरी लागवड पसरण्यामागे सरकारी अनुदानाचा जोर आहे. शेतकऱ्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. अनुदान रांगेतल्या कलमाला मिळतं. रायवळ काजू, रातांबा आणि सुरंगी यांची मिसळ राखणाऱ्याला छदाम मिळत नाही. विमा कलमाला, कर्ज कलमाला. आणि कलमी बागेची शिस्त वेगळी. वणवा लागू नये म्हणून तळ बेणून साफ ठेवायचा. ढेकण्या आणि फुलकिडीसाठी मोहोरावर फवारणी. रोठ्याने खोड पोखरलं तर झाड जातं. तळ साफ म्हणजे रुजवा नाही, कोवळा पाला नाही, पातेरा नाही, किडे नाहीत, मग पक्षी कशाला येईल? त्याच बागेतल्या सुरंगीवरच्या मधमाश्यांनाही ती फवारणी सोसावी लागते, आणि काजूला फळ धरायला परागवाहक कीटक लागतातच. हा व्यवहार काजूच्याही फायद्याचा नाही.

याउलट शेजारी बघावं. उत्तर कन्नडातल्या सुपारीच्या बागांचा अभ्यास जय रंगनाथन, रणजित डॅनियल्स, सुभाषचंद्रन आदींनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दोन हजारांहून अधिक वर्षं चालत आलेल्या या शेतीत, तिथल्या जंगलातल्या पक्ष्यांपैकी ९० टक्के जाती भेटतात. आनंदाने उडी मारावी असा आकडा. पण त्या बागांच्या पाठीशी पानांचं खत पुरवणारं जंगल उभं आहे. पालापाचोळा रानातून येतो, पक्षीही रानातून येतात. मागचं रान गेलं तर बाग राहील, ९० टक्के राहणार नाहीत. सिंधुदुर्गात माड-पोफळीचं कुळागर आणि डोंगरावरचं कवळतोडीचं रान यांचा असाच जोड होता. आपण जोडातला डोंगराकडचा अर्धा भाग काजूच्या रांगेला देऊन टाकला.

सड्याबाबत उलटा गैरसमज आहे. जांभ्याचं उघडं पठार दिसलं की ‘इथलं जंगल गेलं’ असं मानून तिथे सुरुंगाने खड्डे फोडायचे, खालून माती आणून ओतायची आणि आंबा-काजू लावायचा. सडा उजाड झालेला नसतो. तो तसाच असतो, हजारो वर्षं. पावसाळ्यात त्यावर चार महिन्यांचा संसार करणाऱ्या कंदवर्गीय आणि कीटकभक्षी वनस्पती, कोकणापुरतंच सापडणारं ‘डिपकाडी कोंकणेन्से’ त्यांतलंच. तिथे झाड लावणं हीच हानी. पण ‘वृक्षारोपण’ शब्दापुढे कुणाचं काय चालतं!

*

कायद्याची गोष्ट थोडक्यात, कारण ती लांबवली तर संपणार नाही. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, मालक कुणीही असो, असं म्हटलं. त्यातून सिंधुदुर्गात खाजगी सातबाऱ्यांवर ‘वनसंज्ञा’ चढली आणि आपल्याच जमिनीत विहीर खणायलाही परवानगी लागते म्हणून लोक संतापले. या संतापाचा एक वाईट धडा गावांनी घेतला: जमिनीवर रान वाढू द्यायचं नाही. रान दिसलं तर सरकार येईल. काजू दिसला तर येणार नाही. २०११ साली गाडगीळ समितीने रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा वेगळा विचार करून ग्रामसभांना विचारून पुढे जा असं सांगितलं. २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने पश्चिम घाटाची ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूदृश्य अशी फाळणी केली. सुमारे ६० टक्के भाग वस्ती, शेती, बागांचा म्हणून सांस्कृतिकमध्ये टाकला आणि संवेदनशील क्षेत्र मुख्यतः उरलेल्यात धरलं. प्रशासनाला ही विभागणी सोपी. पण सुरंगी कुठल्या बाजूची? भालांडेश्वराची राय कुठल्या बाजूची?

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांत मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडबंदी घातली. वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा हा पट्टा. २०२० मध्ये त्याच्या जवळ २९.५३ चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. २०२४ मध्ये याच गावांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचे निर्देश न्यायालयाला पुन्हा द्यावे लागले. दरम्यान तोड थांबली नाही, रबर-अननसाचे उतार वाढलेच. शिरोडा या २५ गावांत नाही. इथे तोडीला लागू असलेला जुना, रोजच्या वापरातला कायदा म्हणजे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा. त्याच्या अनुसूचीत ऐन आहे, किंजळ आहे, आंबा, फणस, जांभूळ, खैर आहे. सुरंगी नाही. रातांबा नाही. म्हणजे जे झाड लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, नेमकं तेच कागदावर कुणाचंच नाही.

आणि या झाडाला स्वतःचीही अडचण आहे. कळी पाडली की फळ नाही, बी नाही. वर कळ्या वेचायला तळ झाडून काढलेला, त्यामुळे चुकून पडलेल्या बीला रुजायला जागा नाही. आज बाजारात येते ती सुरंगी आजे-पणज्यांच्या काळच्या झाडांची. काही रोपवाटिका आता कलमं देतात, त्यांवर फूल लवकर धरतं. तरी कलम एका झाडाची नक्कल असते, रानातली विविधता त्यात उतरत नाही. दर हंगामात प्रत्येक वाडीने एखाद-दुसऱ्या झाडाच्या कळ्या तशाच सोडल्या तर बियांचा प्रश्न सुटतो. मात्र भावांच्या वाट्यात कुणाची फांदी सोडायची, हे शास्त्रज्ञ ठरवू शकणार नाही.

उभ्या झाडाने पैसा दिला तर झाड राहतं, हे रत्नागिरी जिल्ह्यात करून दाखवलेलं आहे. संगमेश्वर भागात एईआरएफ या पुण्याच्या संस्थेने बेहड्याची फळं प्रमाणपत्रासह परदेशी वनौषधी कंपनीला विकण्याची साखळी उभी केली. ज्या बेहड्यांच्या ढोलींत धनेश घरटी करतो तीच झाडं ठेकेदाराऐवजी फळांसाठी राखली जाऊ लागली. सुरंगीकडे असं गिऱ्हाईक आधीपासून आहे. नाही ते तिच्या भोवतालच्या रानाला.

डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं. तेरेखोलच्या पलीकडचं पेडणं आणि अलीकडचं रेडी-शिरोडा यांच्यातलं अंतर मिनिटांत मोजलं जाऊ लागलं. जमिनीचे भाव बघता काजूची कलमी बागसुद्धा आता परवडत नाही. गुंठ्याने विकायची झाली तर तीही जेसीबीखाली जाते. काजूविरुद्ध रान हा वाद अजून पाचदहा वर्षांनी जुन्या काळातला, जवळजवळ घरगुती वाटेल. काजूवाल्याला निदान झाड तरी हवं होतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही बंधनकारक केली आहे. बहुतेक ठिकाणी ती वही कुणा बाहेरच्या संस्थेने भरून, सह्या घेऊन, कपाटात ठेवलेली आहे. तिच्यात लिहायचं काय हे मात्र अवघड नाही. कुठल्या वाडीत किती सुरंग्या, कुणाच्या वाट्याच्या, त्यांतली फळ धरणारी कुठली. कुठल्या गडग्यापाशी जुना बेहडा आहे आणि त्याला ढोल आहे का. राईची चतुःसीमा कुठून कुठे. कुठलं रान कुठल्या साली तोडलं, म्हणजे पुढची तोड केव्हा होईल हे आधी कळेल. आणि ठेकेदाराशी करार करताना एकच अट: ऐन ने, किंजळ ने, फुटव्यांचं काय न्यायचं ते ने, पण ढोलीचं झाड, वड-पिंपळ-उंबर, रातांबा, सुरंगी आणि व्हाळाच्या दोन्ही काठांवरची वीस-वीस पावलं सोडायची. तोडही मार्गशीर्ष-पौषात उरकायची, धनेश ढोलीत बसायच्या आत. अशी अट घालायला नवा कायदा लागत नाही, सामाईक सातबाऱ्यावरच्या मुंबईतल्या नावांनी फोनवर होकार द्यावा लागतो. गणपतीला ती सगळी माणसं गावात असतात.